देवळालीचा अंक : ६१७४ या संख्येचा इतिहास

जपमाळेला १०८ मणी का, हा प्रश्न लहान मुले विचारतात. वडीलधारी मंडळी सहसा विचारीत नाहीत. बारा राशींना नऊ ग्रहांनी गुणिले असता १०८ येतात, सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरिले तरी १०८ च येतात, असे उत्तर परंपरेने देऊन ठेविले आहे आणि माळ ओढणाऱ्या बोटांना तेवढे पुरते. भारतीय मनाचा संख्येशी जो संबंध आहे तो असा आदराचा आहे. पुराणे अठरा, गीतेचे अध्याय अठरा, नक्षत्रे सत्तावीस. संख्या उच्चारताच तिच्यामागे उभी असलेली सारी परंपरा जागी होते.

परंतु संख्येला वंदन करणे निराळे आणि तिचा स्वभाव तपासून पाहणे निराळे. ६१७४ या संख्येच्या पाठीशी असे कोणतेही स्तोत्र नाही की पुराण नाही. इ. स. १९४६ पर्यंत तिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नव्हते. तिला पुढे जगभर जो मान मिळाला तो केवळ तपासणीतून मिळाला. आणि ही तपासणी प्रथम केली ती एखाद्या विद्यापीठातील प्राध्यापकाने नव्हे, तर नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तराने. त्या संख्येचा आणि त्या शिक्षकाचा इतिहास एकच आहे.

बडोद्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गुजरातची हद्द मागे पडली की थोड्याच वेळात डहाणू लागते. गोरव्याच्या कितीतरी रहिवाशांनी हे स्थानक गाडीच्या खिडकीतून अनेकवार पाहिले असेल. मराठी आणि गुजराती जेथे एकमेकींत मिसळतात अशा या किनाऱ्यावरील डहाणू गावी दिनांक १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. ते आठ वर्षांचे असताना मातृछत्र हरपले. वडील कारकून होते, परंतु त्यांना ज्योतिषाची आवड होती; आणि ज्योतिषाला आकडेमोड चुकत नाही. मुलाला आकड्यांची गोडी लागली ती येथेच. ठाण्यास शालेय शिक्षण आटोपून कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. इ. स. १९२७ मध्ये, विद्यार्थिदशेतच, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. इ. स. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांना घडले नाही. देवळालीच्या शाळेत त्यांनी शिक्षकाची नोकरी पत्करली आणि इ. स. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले.

तीस वर्षांहून अधिक काळ वर्गात बेरीज, वजाबाकी, गुणाकार शिकविणाऱ्या माणसास या क्रिया कंटाळवाण्या वाटू लागल्या तर नवल नाही. कापरेकरांचे नेमके उलट झाले. इतरांनी केवळ साधन मानलेल्या या क्रियांकडे ते शोधाचा विषय म्हणून पाहू लागले. ज्याला मोठी ग्रंथालये उपलब्ध नाहीत, ज्याच्याभोवती गणितज्ञांचा मेळावा नाही, अशा माणसाजवळ दहा अंक तर असतातच. त्या दहा अंकांवरच त्यांनी आयुष्य वाहिले. महाराष्ट्रात पुढे त्यांना ‘गणितानंद’ या नावाने ओळखले जाऊ लागले, ते उगीच नव्हे.

इ. स. १९४६ मध्ये त्यांना जे गवसले ते इतके साधे आहे की तिसरी-चौथीतील मुलासही ते करून पाहता यावे. चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. त्या अंकांची मोठ्याकडून लहानाकडे मांडणी करून जास्तीत जास्त मोठी संख्या करावी; तेच अंक उलट क्रमाने मांडून लहानात लहान संख्या करावी; मोठीतून लहान वजा करावी. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. उदाहरणासाठी कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर पुढीलप्रमाणे घडते :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

येथे क्रिया थांबत नाही, पण संख्या थांबते. ६१७४ चे अंक पुन्हा मांडले तर ७६४१ मधून १४६७ वजा होतात आणि बाकी पुन्हा ६१७४ च उरते. कितीही वेळा केले तरी तीच संख्या समोर उभी राहते. कोणी १९०५ ऐवजी स्वतःचे जन्मवर्ष घ्यावे, गाडीचा क्रमांक घ्यावा, चोपडीतील एखादी रक्कम घ्यावी. शेवट हाच होतो. तेथे पोहोचण्यास सातांहून अधिक पायऱ्या कधीही लागत नाहीत. कापरेकरांचे जन्मवर्ष बरोबर सातव्या पायरीस पोहोचते, ही केवळ एक गमतीची गोष्ट होय.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. मध्येच बाकी तीन अंकांची आली तर डावीकडे शून्य मांडून तिला चार अंकांचीच ठेवावी. २१११ ही संख्या घेतली तर २१११ मधून १११२ वजा होऊन ९९९ उरतात. त्यांना ०९९९ असे लिहिले तर पुढे ९९९० − ०९९९ = ८९९१ असा मार्ग खुला होतो आणि पाचव्या पायरीस ६१७४ गाठता येते. शून्य गाळले तर ९९९ मधून ९९९ वजा होऊन सारे संपते. जागा राखून ठेवणारे शून्य किती मोलाचे असते, याचा हा एक छोटासा धडा आहे.

आता प्रश्न असा, की हे का घडते? चमत्कार म्हणून हात जोडले तर प्रश्न तेथेच मिटतो. पण कापरेकरांचा मार्ग तो नव्हता. उत्तर समजण्यास शाळेतील बीजगणित पुरेसे आहे. घेतलेल्या संख्येचे अंक मोठ्याकडून लहानाकडे क, ख, ग, घ असे आहेत असे मानावे. मोठी संख्या म्हणजे हजार क, शंभर ख, दहा ग आणि घ यांची बेरीज. लहान संख्या म्हणजे हजार घ, शंभर ग, दहा ख आणि क यांची बेरीज. दोहोंची वजाबाकी केली असता ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग) एवढे उरते. म्हणजे चार अंक कोणते आहेत यास पहिल्या वजाबाकीनंतर महत्त्वच राहत नाही. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतर आणि मधल्या दोन अंकांतील अंतर, एवढ्या दोनच गोष्टींवर बाकी ठरते.

पहिले अंतर १ पासून ९ पर्यंत असू शकते. दुसरे अंतर पहिल्याहून मोठे होऊ शकत नाही. ते शून्यापासून पहिल्या अंतराएवढे असते. पहिले अंतर १ असता दुसऱ्याचे दोन पर्याय, २ असता तीन, आणि असेच ९ असता दहा. दोनपासून दहापर्यंत बेरीज केली की ५४ येतात. शून्ये डावीकडे धरून चार अंकी मांडणीत ज्या ९,९९० संख्यांपासून ही क्रिया सुरू करता येते, त्या साऱ्या पहिल्याच पायरीत या ५४ संख्यांत गोळा होतात. मग ५४ संख्यांची वाट एकेक करून तपासणे एवढेच काम उरते. ते एका दुपारी वहीत पुरे होते, आणि ते पुरे झाले की सिद्धताही पुरी होते. ६१७४ मध्ये पहिले अंतर ६ आहे आणि दुसरे २. ९९९ ची सहा पट ५,९९४, तिच्यात ९० ची दुप्पट १८० मिळविली की ६,१७४ च येतात. म्हणून ती स्वतःकडेच परत येते.

या ९,९९० संख्यांपैकी कोण किती पायऱ्यांत पोहोचते, हेही मोजता येते. खुद्द ६१७४ धरून ३८४ संख्या एका पायरीत पोहोचतात. सर्वाधिक म्हणजे २,४०० संख्या तीन पायऱ्यांत. आणि २,१८४ संख्यांना सातही पायऱ्या चढाव्या लागतात. वाट प्रत्येकीची निराळी, पण चुकून मागे राहिलेली एकही नाही.

इ. स. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी ही गोष्ट विद्वानांपुढे मांडली. पुढे न्यूयॉर्क येथून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात इ. स. १९५५ मध्ये ६१७४ च्या या गुणधर्मावर त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. बाहेरून पाहणाऱ्यास हा सन्मानाचा प्रवास वाटेल. परंतु वस्तुस्थिती कठोर होती. देशातील पुष्कळ गणितज्ञांनी त्यांच्या कामाची पोरखेळ म्हणून थट्टा केली. मोठ्या नियतकालिकांची दारे बहुधा बंदच होती. म्हणून कापरेकरांनी आपले शोध लहान लहान पुस्तिकांच्या रूपाने देवळालीहून स्वतःच प्रसिद्ध केले. शाळामास्तराच्या वेतनातून छपाई करावयाची, आणि परिषदांना जाऊन, ऐकणारे थोडे असले तरी, आपले म्हणणे मांडावयाचे, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

थट्टा करणारे सारेच क्षुद्र मनाचे होते असे मात्र समजू नये. त्यांच्या मागे एक विचार होता आणि तो त्या काळातील एका श्रेष्ठ गणितज्ञाने स्पष्ट शब्दांत मांडला होता. केंब्रिजचे प्रा. हार्डी, ज्यांनी श्रीनिवास रामानुजन यांची प्रतिभा ओळखून त्यांना इंग्लंडला बोलाविले, त्यांनीच इ. स. १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथात ८७१२ आणि ९८०१ या दोन संख्यांचे उदाहरण दिले आहे. ८७१२ ही आपल्या उलट संख्येच्या, म्हणजे २१७८ च्या, चौपट आहे. ९८०१ ही १०८९ च्या नऊपट आहे. चार अंकी संख्यांत अशा दोनच. हार्डींच्या मते ही करमणूक आहे, गणित नव्हे. कारण अशा गोष्टीतून पुढे कोणताही व्यापक सिद्धांत निघत नाही. रामानुजन यांनी १७२९ विषयी जे सांगितले, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन रीतींनी लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, ते संख्येच्या मूळ स्वरूपाविषयी आहे. ती संख्या कोणत्याही लिपीत, कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी तो गुण तिच्यापासून हिरावता येत नाही. ६१७४ चे तसे नाही. मोजणी दहाऐवजी आठाच्या किंवा बाराच्या गटांनी केली तर तिचे हे आसन जाते.

हा आक्षेप खरा आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. किंबहुना त्याचा विचार केल्यानेच ६१७४ चे खरे स्थान कळते. दोन अंकी संख्यांवर हीच क्रिया केली तर कोठेच विसावा मिळत नाही. ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१ अशी प्रदक्षिणाच चालू राहते. तीन अंकी संख्या ४९५ पाशी थांबतात. पाच अंकी संख्यांना विसावा नाही. त्या तीन निरनिराळ्या प्रदक्षिणांपैकी एकीत फिरत राहतात. सहा अंकी संख्यांना दोन मुक्काम आहेत आणि एक प्रदक्षिणाही आहे. म्हणजे सर्वांना एकाच ठिकाणी आणणारी संख्या नेहमी असतेच असे नाही. ती केव्हा असते आणि केव्हा नसते, अंकांची संख्या बदलली किंवा मोजणीचा पाया बदलला तर काय होते, या प्रश्नांवर कापरेकरांनंतर देशोदेशीच्या अभ्यासकांनी लेख लिहिले आहेत. करमणुकीतून प्रश्न निघाले आणि प्रश्नांतून गणित निघाले. हार्डींचा निर्णय इतिहासाने पुसला नाही, पण त्याला एक पुरवणी मात्र जोडली.

शिवाय दहाचा पाया आणि जागा राखणारे शून्य ही काही परकी वस्तू नव्हे. ज्या भूमीत कापरेकर वाढले तिचीच ती देणगी आहे. बडोद्याच्या वाचकास याची साक्ष दूर शोधावी लागत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत इ. स. १९३७ मध्ये ‘गणिततिलक’ हा संस्कृत ग्रंथ सिंहतिलकसूरींच्या टीकेसह प्रकाशित झाला; हिरालाल रसिकदास कापडिया हे त्याचे संपादक. मूळ ग्रंथकार श्रीपती हा अकराव्या शतकातील ज्योतिषी आणि गणिती. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, घन आणि त्यांची मुळे हे त्याच्या पाटीगणिताचे विषय आहेत. नऊशे वर्षांपूर्वी ज्या क्रिया पाटीवर धूळ पसरून केल्या जात, त्याच क्रिया देवळालीच्या फळ्यावर खडूने केल्या गेल्या आणि त्यांतूनच ६१७४ बाहेर आली. साधने जुनी होती. त्यांच्याकडे पुन्हा निरखून पाहणारा डोळा नवा होता.

कापरेकरांनी आपल्या शोधांना जी नावे दिली तीही याच मातीतील आहेत. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे म्हटले. दुसऱ्या एका प्रकारच्या संख्येला त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले आणि तिला आपल्या गावाचे, देवळालीचे, नावही दिले. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये २ आणि १ मिळविले की २४ होतात, म्हणून २१ ही २४ ची जननी. परंतु काही संख्यांना अशी जननीच नसते. २०, ३१, ४२, ५३ या अशा संख्या होत, त्या स्वयंभू. त्यांच्यावरील पुस्तिका कापरेकरांनी निवृत्तीनंतर, इ. स. १९६३ मध्ये, देवळालीहूनच प्रसिद्ध केली.

या दोन कसोट्या ६१७४ ला लावून पाहणे उचित होईल. तिच्या अंकांची बेरीज १८. ६१७४ ला १८ ने भागिले असता ३४३ येतात, बाकी काही राहत नाही. आणि ३४३ म्हणजे साताचा घन. म्हणून ती हर्षद आहे. इतकेच नव्हे, तर १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५,८३२ यांची बेरीज केली तरी ६१७४ च येतात. स्वयंभू मात्र ती नाही. ६१५६ मध्ये तिच्या अंकांची बेरीज १८ मिळविली की ६१७४ होतात, म्हणजे तिला जननी आहे. आणि जपमाळेची १०८? तिच्या अंकांची बेरीज ९, तिने १०८ ला भागिले की बरोबर १२ येतात, म्हणून ती हर्षद. ९० पासून १०७ पर्यंत प्रत्येक संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून पाहिली तर १०७ येतात, १०९ येतात, पण १०८ कोठेही येत नाहीत. अर्थात् १०८ ही स्वयंभूही आहे. ज्यांनी तिला माळेत ओवले त्यांना हा हिशेब ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कापरेकरांची कसोटी त्यानंतर कित्येक शतकांनी आली.

येथे भाविक मनाला एक मोह होण्याचा संभव आहे. पायऱ्या सात आणि भागाकार साताचा घन. अंकांची बेरीज अठरा आणि गीतेचे अध्याय अठरा. यांत काही गूढ संकेत असावा असे वाटू लागते. तसा संबंध कोणी सिद्ध केलेला नाही. अंकांत योगायोग पुष्कळ असतात आणि शोधणाऱ्याला ते हवे तेवढे सापडतात. ६१७४ चे मोठेपण त्या योगायोगांत नाही. ते त्या ५४ संख्यांच्या तपासणीत आहे. जे तपासता येते ते तपासल्याने आश्चर्य उणावत नाही, उलट ते आपल्या मालकीचे होते.

शेवटी मान आला तो दुरून आला. इ. स. १९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांविषयी लिहिले आणि देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. निवृत्तीवेतन अपुरे पडत असल्याने ते शिकवण्या करीत होते. कीर्ती आली म्हणून तो क्रम बदलला नाही. इ. स. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे देहावसान झाले. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून सर्वत्र ओळखले जाते, आणि आपल्या विभागलेल्या वर्गाची बेरीज करून स्वतःकडेच परतणाऱ्या दुसऱ्या काही संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. उदाहरणार्थ २९७; तिचा वर्ग ८८,२०९, आणि ८८ व २०९ मिळून पुन्हा २९७.

थोर पुरुषांचे स्मारक दगडाचे किंवा धातूचे असते आणि त्याची झीज होते. कापरेकरांचे स्मारक एका वजाबाकीचे आहे. घरातील एखाद्या मुलाला पाटी-पेन्सिल द्यावी, चार अंक मनात धरण्यास सांगावे आणि वजाबाकी करू द्यावी. त्याला ६१७४ हे उत्तर आधी सांगू नये. सातव्या पायरीच्या आत त्याचे त्यालाच ते भेटेल; आणि मग तो दुसरे चार अंक घेईल, कारण एकदा आलेल्या उत्तरावर त्याचा विश्वास बसलेला नसेल. तो अविश्वास मोडू नये. देवळालीच्या मास्तरांनीही तेथूनच आरंभ केला होता.